एक धडा चुकीचा

३ ऑक्टोबर

पोचलो एकदाचा! बस खालच्या पुलापाशी सोडून गेली, पुढचा चढ पायी. निम्म्यात बॅगेचा पट्टा तुटला, म्हणून वर्कशॉपच्या दारात मी बॅग तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून उभा राहिलो. उस्ताद दारातच होते. त्यांनी आधी बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, दोघांपैकी शिकायला कोण आलंय? हा माणूस मला तिथल्या तिथे आवडला.

नशीब बघा. एका मासिकाला मी जुन्या मोटरसायकलींबद्दल बावळट प्रश्न पाठवतो काय, तो माझ्या नावा-पत्त्यासकट छापून येतो काय, आणि पंधरा दिवसांत उस्तादांचं पत्र: शिकायचं असेल तर या, राहायला खोली आहे, जेवण घरचं. सव्वीस वर्षांत मला फुकट मिळालेली ही पहिलीच गोष्ट.

वर्कशॉप गावाबाहेर, चढाच्या अगदी माथ्यावर. खाली काम करायची लांबट जागा, वर दोन खोल्या. एक उस्ताद आणि काकूंची, एक माझी. माझ्या खिडकीतून सगळा उतार दिसतो. तळाशी काटकोनात वळण, आणि वळणाला लागून पूल. काकू टाक्या रंगवतात. केसाएवढ्या ब्रशने टाकीच्या कडेने सोनेरी रेघ ओढतात. आज बघत उभा राहिलो. रेघ संपेपर्यंत त्यांनी श्वास घेतला नाही, मीही नाही. मग त्या म्हणाल्या, तू सोड रे श्वास, तुझ्याने काही हलत नाही.

शिकायला उस्तादांनी मला दिलेली मोटरसायकल अकरा खोक्यांत आहे. चाळीस वर्षांपूर्वीची. फ्रेम, इंजिन आणि गंज. मी तिचं नाव म्हातारी ठेवलं.

बाबांना यंत्रदुरुस्तीचा अभ्यासक्रम एवढंच सांगून आलोय. आमच्या घरात दुचाकीचं नाव काढायची सोय नाही. मला सायकलसुद्धा कॉलेजात गेल्यावर मिळाली.

९ ऑक्टोबर

आठवडाभर नुसता रॉकेलमध्ये हात. प्रत्येक भाग धुवायचा, पुसायचा, चिठ्ठी बांधायची, कुठून निघाला ते लिहायचं. उस्तादांचा पहिला नियम: जे शिकशील ते वहीत. डोकं विसरतं, वही विसरत नाही. म्हणून ही रोजनिशीच माझी कामाची वहीसुद्धा झाली आहे.

आज शिकलो: गंजलेल्या नटाशी भांडायचं नाही. तेल सोडायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी गोडीत विचारायचं. मी एकाशी भांडलो. पाना सटकला, अंगठ्याचं नख काळंनिळं. काकूंनी पट्टी बांधली. म्हणाल्या, आता खरा कारागीर झालास, फक्त कारागिरी बाकी आहे.

जेवायला टेबलाशी आम्ही तिघं बसतो. चौथी खुर्ची आहे, पण ती भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असते. मी एकदा ओढायला गेलो तर उस्ताद म्हणाले, तिचा पाय मोडलाय. मला तरी चारही पाय शाबूत दिसले.

२ नोव्हेंबर

इंजिन उघडलं. आतमध्ये गंज नाही! उस्ताद म्हणाले, म्हातारीचं हृदय चांगलं आहे, सांधे गेलेत.

एक गोष्ट आज लक्षात आली. गेला महिनाभर उस्तादांनी म्हातारीला हात लावलेला नाही. दुसऱ्यांच्या गाड्या ते स्वतः करतात, भराभर, गुणगुणत. माझ्यापाशी आले की हात मागे बांधून उभे राहतात आणि तोंडाने सांगतात. कार्ब्युरेटर निसटून पडत होता तेव्हाही त्यांनी हात पुढे केला नाही. मी विचारलं. ते म्हणाले, हिच्यावर हात फक्त तुझे लागायला हवेत. मला तर अभिमानच वाटला.

काकू मात्र भरपूर बोलतात. अगदी पहिली आठवण कोणती, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, शाळेतला नळ. त्याच्या आधीचं काही? नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, आठव, घाई नाही.

२१ नोव्हेंबर

मागचं मडगार्ड उतरवलं. नंबराची पाटी अर्धीच आहे, उरलेली तुटून गेलेली. फेकू का विचारलं. काकू वरून धावत खाली आल्या. कधी नव्हे ते. पाटी माझ्या हातातून घेतली, पदराने पुसली आणि वर घेऊन गेल्या.

दुपारी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चाकाचे स्पोक घट्ट करत होतो. काकू चहा घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. माझ्या उजव्या पोटरीवर जुना डाग आहे, तळव्याएवढा, चकचकीत. लहानपणी उकळतं दूध सांडलं होतं म्हणे. काकूंनी विचारलं कशाचा, मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला, गुडघ्यांवर बसल्या, आणि दोन बोटं त्या डागावर ठेवली. बोटं गार होती. दूध वरून सांडतं बाळ, त्या म्हणाल्या, ओघळ खाली येतात. याला ओघळ कुठे आहेत?

मग नळाखाली हात धूत राहिल्या. चहा गार झाला तरी पाण्याचा आवाज येतच होता.

८ डिसेंबर

ब्रेकचा धडा. लायनर, स्प्रिंगा, दांडा, नट. उस्तादांनी चार वेळा उलगडायला लावलं आणि चार वेळा जोडायला. पाचव्यांदा डोळे मिटून. शेवटी मी म्हणालो, उस्ताद, एवढं तर लग्नात सात जन्मांचंही घोकून घेत नाहीत. ते हसले नाहीत. म्हणाले, तुझ्या हाताला हे असंच लागायला हवं, दुसरं काही सुचताच कामा नये.

१६ जानेवारी

सुरू झाली!!

एकोणीस किका. विसाव्या किकेला खोकली, धूर ओकली, आणि मग तो आवाज. धप्-धप्-धप्, खोल, जणू जमिनीच्या आत कुणी चालतंय. मी अक्षरशः नाचलो. मागे वळून बघतो तर उस्ताद दोन्ही हातांनी कान दाबून भिंतीला टेकलेले. काकू जिन्यावर बसलेल्या. त्यांचे डोळे मिटलेले आणि चेहऱ्यावर असं काही, की मी इंजिन बंद केलं. त्या म्हणाल्या, चालू ठेव. हाच आवाज. चालू ठेव ना.

पेट्रोल संपेपर्यंत चालू ठेवायला लावलं.

२९ जानेवारी

फार विचित्र. काय ते नीट लिहितो.

रंगाआधी हत्यारांची पेटी घासत होतो. सीटखालची, पत्र्याची. झाकणाच्या आतला गंज निघाला आणि खाली कोरलेली खूण दिसली. दोन उभ्या रेघा, त्यांच्यावर वर्तुळ. ही खूण मी जन्मापासून बघतोय. बाबा आपल्या प्रत्येक वस्तूवर कोरतात. करवत, डबा, चष्म्याचं घर. आमच्या घरच्या हातोडीवर आहे. माझ्या शाळेच्या पाटीवर होती.

पेटी घेऊन उस्तादांकडे गेलो. हे काय विचारलं. त्यांनी पेटीकडे पाहिलंच नाही. म्हणाले, ते तुझ्या काकू सांगतील. आणि बाहेर जाऊन उताराकडे बघत बसले.

३० जानेवारी

काकूंनी सांगितलं. भिंतीकडची खुर्ची त्यांनी वळवली आणि मला तिच्यावर बसवलं. लहान मुलांची उंच खुर्ची आहे ती, पाय ठेवायला आडवी पट्टी असलेली. आवाज एकदाही चढला नाही. हातात ब्रश होता.

त्यांना मुलगी होती. नऊ वर्षांची. बावीस वर्षांपूर्वी सकाळी ती उतारावरून खाली चालली होती. तळाच्या वळणावर मोटरसायकलने उडवली. गाडीही पडली. चालवणारा उठला. त्याच्याबरोबर टाकीवर बसवलेला चारेक वर्षांचा मुलगा होता, त्याचा पाय सायलेन्सरखाली सापडून भाजला होता, तो किंचाळत होता. त्या माणसाने मुलाला उचललं. गाडी उभी केली. मग मुलीपाशी येऊन वाकला. ती शुद्धीत होती. तो म्हणाला, ओरडू नकोस हां, हलू पण नकोस, मी डॉक्टरला घेऊन आलोच.

आणि गेला.

ती ओरडली नाही. वर्कशॉप हाकेच्या अंतरावर होतं. काकू इथेच होत्या, टाकीवर रेघ ओढत. पोर शहाणी होती, सांगितलेलं ऐकायची. दुपारी विजेच्या तारांची तपासणी करणाऱ्या माणसाला सापडली. तेव्हा कुठे डॉक्टर आले. तिने सगळं नीट सांगितलं, काका येणारेत असंही सांगितलं. आणि संध्याकाळी गेली.

तुझे बाबा डॉक्टरकडे गेले होते बरं का, काकू म्हणाल्या. त्याच डॉक्टरकडे. अर्धा तास तिथे बसले. तुझ्या पायाला पट्टी बांधून घेतली, वहीत नाव लिहिलं, आभार मानले. मुलीबद्दल अवाक्षर नाही. गाडी दाराबाहेर, डॉक्टरांच्या नजरेआड. दवाखाना बंद करताना म्हाताऱ्या डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी जुन्या वह्या चाळल्या. एकाच तारखेच्या एकाच पानावर दोन नोंदी, तुझ्या भाजलेल्या पायाची आणि तिची. तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पान फाडून ते स्वतः इथे आले. मग त्या नावावरून आणि वळणावर सापडलेल्या नंबरपाटीच्या तुकड्यावरून उस्तादांनी गाडी शोधली, भंगारात. मग तुझं नाव मासिकात दिसलं. काकू म्हणाल्या, देव आहे असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

मी म्हणालो, मी चार वर्षांचा होतो. माझा काय दोष?

काकूंनी ब्रश धुतला. म्हणाल्या, तिचा काय होता?

१ फेब्रुवारी

फाटक उघडं आहे. कुणी अडवत नाही. बॅग भरली, पुन्हा रिकामी केली. बाबांना फोन लावायला खालच्या दुकानात गेलो. मी काही बोलण्याआधी बाबाच म्हणाले, मला पत्र आलंय. तू तिथेच थांब. मी येतो.

पत्रात काय आहे विचारलं. म्हणाले, काही नाही, गैरसमज आहे लोकांचा.

पुढच्या महिन्यात ते शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष होणार आहेत. तेवढ्यात तेही सांगून घेतलं.

६ फेब्रुवारी

काम करतोय. दुसरं सुचत नाही. टाकी काकूंनी रंगवली. काळी, सोनेरी रेघ. एवढी सुंदर वस्तू मी पाहिली नाही. रेघ संपल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, तू वाईट निघाला असतास तर मला सोपं गेलं असतं.

९ फेब्रुवारी

बाबा आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची पिशवी. आजाऱ्याला भेटायला यावं तसे. म्हातारीकडे बघून पांढरे पडले, क्षणभरच. मग उस्तादांना म्हणाले, काम छान केलंय हो.

तिघं वर बसले, दार लावून. तासभर.

खाली आल्यावर मी विचारलं, खरं आहे का? बाबा म्हणाले, तू रडत होतास. तुझं कातडं सोलवटलं होतं. मी तुला बघू की परक्याच्या पोरीला? मी म्हणालो, डॉक्टरला एक वाक्य सांगता आलं असतं. ते म्हणाले, तुझी आई घरी वाट बघत होती. मी म्हणालो, एक वाक्य, बाबा. ते म्हणाले, तू मला शिकवू नकोस. तुझ्यासाठीच केलं सगळं.

१० फेब्रुवारी

बाबा सकाळी आनंदात. म्हणाले, मिटलं. माणसं साधी आहेत, दुखावलेली आहेत, बस. त्यांची इच्छा एवढीच की आपल्या घरातल्या कुणीतरी ही गाडी एकदा चढावरून पुलापर्यंत न्यावी. मग ते सगळं देऊन टाकणार. दवाखान्याचं पान, पाटीचे दोन्ही तुकडे. आपण जाळून टाकू. मी म्हटलं माझा मुलगा नेईल. त्यानेच केलीय, मान त्याचाच.

माझ्या पाठीवर थाप मारली. शाबासकीची थाप मला कधी मिळाल्याचं आठवत नाही.

दुपारी काकू माझ्या खोलीत आल्या. दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, बाळ, तुला सांगायला हवं. उस्तादांनी तुला सगळं बरोबर शिकवलं. एक धडा सोडून. तो चुकीचा शिकवला. कोणता ते फक्त त्यांना ठाऊक, मलाही सांगितलेलं नाही. सपाटीला कळणार नाही. उतारावर कळेल.

मी वही हातात घेतली.

त्या म्हणाल्या, हे काल तुझ्या बाबांना सांगितलंय. याच शब्दांत. आणि सांगितलं, दोघांपैकी कुणीही चालवा. किंवा नका चालवू, मग पान उद्या वर्तमानपत्रात. त्यांनी फार वेळ नाही घेतला.

११ फेब्रुवारी

पहाटे उजाडल्यापासून उलगडतोय. ब्रेक. दांडा. पुढचा फोर्क. चाकं. चेन. सगळं खाली, फडक्यावर ओळीने. वही शेजारी. एकेक धडा वाचतो, एकेक भाग बघतो. सगळं बरोबर.

सगळं बरोबरच दिसणार. बरोबर काय ते त्यांच्याकडूनच शिकलो. चूकही त्यांच्याकडूनच. माझ्याकडे तिसरं काही नाहीच मोजायला —

लायनर — बरोबर. नट — जितका सांगितला तितका. जास्त हवा होता? कमी? पिन आतून की बाहेरून? वहीत आतून. आतून का? मी कधी विचारलंच नाही. का नाही विचारलं —

दुसऱ्या कुणा कारागिराला आणू म्हटलं. बाबा म्हणाले, आता पाचवा माणूस नको यात.

उस्तादांच्या पाया पडलो. अक्षरशः. ते मागे सरकले. म्हणाले, पोरा, मीच विसरलो असतो तर बरं झालं असतं. आणि रडले. पण सांगितलं नाही.

संध्याकाळ. पुन्हा जोडली. हात आपोआप जोडतात. दुसरं सुचतच नाही.

बाबांच्या समोर बसलो. मुद्दाम. विचारलं, गाडीबद्दल काही सांगायचंय? काहीही? ते सफरचंद सोलत होते. म्हणाले, हळू चालव म्हणजे झालं.

फोड माझ्याकडे पुढे केली. मी खाल्ली.

१२ फेब्रुवारी

ऊन. रस्ता कोरडा.

बाबांनी दाढी केली. शिट्टी वाजवत होते, मध्येच थांबले, पुन्हा सुरू.

काकूंनी डबा आणून फाटकापाशी स्टुलावर ठेवला. झाकण उघडं. पान दिसतंय, पिवळं.

जाऊ शकतो. मागच्या बाजूने, शेतातून. कुणी अडवणार नाही. काकू म्हणाल्या, खरंच जा, मला चालेल. मग तुझे बाबा चालवतात की पळतात तेवढं तरी बघेन.

पण मला बघायचंय. मलाही.

ठरवलंय. बसायचं. किक मारायची. गिअर टाकण्याआधी दहा आकडे मोजायचे, सावकाश. दहा पुष्कळ झाले. बाबांना एकच शब्द म्हणायला लागतो. उतर. एवढाच. कारण नको, माफी नको. मग पान छापू देत, काही का होईना, मी त्यांच्या बाजूने उभा —

बाबा खिडकीतून दिसताहेत. म्हातारीजवळ. हँडल धरलं. ब्रेक दाबून बघताहेत. पुन्हा दाबला. वाकून चाकाकडे — म्हणजे त्यांच्या मनात — म्हणजे ते —

नाही. सीट पुसताहेत. रुमालाने. माझ्यासाठी.

उस्ताद मान खाली घालून. काकू म्हातारीकडे बघत नाहीत, माझ्याकडेही नाही. बाबांच्या तोंडाकडे बघताहेत फक्त.

वर पाहिलं बाबांनी. हसले. हात केला, ये.

हाक मारताहेत. आलो म्हणालो. वही टेबलावर ठेवतो. नको — खाली नेतो, बाबांच्या हातात देतो, हेच पान उघडून. वाचायला किती वेळ लागेल? दहा आकडे पुरतील? वीस मोजेन. तीस. त्यांनी नुसतं